क्रेटची कडी कधी सोडायची?

पिल्लू सात-आठ महिन्यांचं झालं की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, "आता क्रेट काढला तर चालेल ना?" क्रेट म्हणजे कुत्र्याला आत ठेवायचा, दाराला कडी असलेला तारांचा पिंजरा. मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांना शिकवते. हा प्रश्न मला दोन टोकांच्या माणसांकडून येतो. काहींना क्रेट बघवत नाही, घरातली आजी रोज म्हणते, "कशाला कोंडता गं लेकराला?" आणि काहींच्या तो इतका अंगवळणी पडलेला असतो की कुत्रा तीन वर्षांचा झाला तरी सकाळी ऑफिसला निघताना लागलेली कडी संध्याकाळीच उघडते. दोघांनाही मी महिने मोजून सांगत नाही. वयावरून एवढंच कळतं की याच्या आधी घाई नको. कडी सोडायची की नाही हे ठरतं ते घरात कोणी नसताना तुमचा कुत्रा काय करतो त्यावरून. आणि ते बघायची सोय बहुतेक घरांत आहे, ड्रॉवरमध्ये पडलेला जुना मोबाईल.

एक गोष्ट आधीच सांगते. मी 'सोडा' म्हणते ते कडीबद्दल. क्रेट उचलून माळ्यावर टाकायची घाई नसते. दार उघडं राहतं, आतली गोधडी आत राहते, कुत्र्याला वाटलं तर तो जाऊन झोपतो, नाही वाटलं तर नाही. माझी जाई देशी कुत्री आहे, आता वयस्क झाली. तिच्या क्रेटचं दार मी कधीच काढून ठेवलंय. दुपारची झोप मात्र ती अजून तिथेच काढते.

क्रेट ज्यासाठी आणला ते काम झालं का?

बहुतेक घरांत क्रेट दोन कारणांनी येतो, पिल्लाने घरभर शी-शू करू नये म्हणून आणि त्याने चपला, वायरी, सोफा फाडू नये म्हणून. ही दोन्ही कामं वेगवेगळ्या वेळी पुरी होतात. लोक पहिलं पुरं झालं की दुसरंही झालं असं धरून चालतात आणि तिथेच गाडी अडते.

शी-शूचं आधी. पिल्लू दिवसा किती वेळ धरून ठेवू शकेल याचा ढोबळ अंदाज असा, जितके महिने तितके तास आणि वर एक. चार महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त पाच तास. ही त्याची शेवटची हद्द आहे, रोज तिथवर ताणायचं नाही. रात्री झोपेत ते यापेक्षा जास्त धरतं, म्हणून "रात्री आठ तास राहतो, मग दिवसा का नाही" हा हिशेब चुकतो. शीत्झू, पॉमेरेनियन अशा लहान जातींना शिकायला बराच जास्त वेळ लागतो. देशी पिल्लं, निदान मी पाहिली ती, झोपायची जागा घाण न करण्याच्या बाबतीत फार लवकर शहाणी होतात.

सलग दोन महिने घरात एकही चूक झाली नाही, तर शी-शूपुरता क्रेटचा विषय संपला असं मी मानते. फक्त आपल्याकडे त्यात एक पोटप्रश्न आहे, पावसाळा. फेब्रुवारीत खाली जायला शिकलेलं पिल्लू जूनच्या पहिल्या जोरदार पावसात सोसायटीच्या गेटपाशीच बसकण मारतं. ओल्या गवतात पाय टाकायला तयार नसतं, परत वर येतं आणि पायपुसण्यावर शू करतं. ते शिकलेलं विसरलेलं नसतं, पावसात कुठे करायची हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. तुमच्या पिल्लाने अजून एकही पावसाळा पाहिला नसेल, तर जून-जुलैचे दिवस जाऊ द्या. स्टिल्ट पार्किंगच्या कडेला कोरडा कोपरा असेल आणि सोसायटीची हरकत नसेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आधीच तिथली सवय लावा, आणि मागे लगेच साफ करा.

ज्यांचा कुत्रा बाल्कनीतल्या ट्रेमध्ये करतो, त्यांनी कडी सोडली की बाल्कनीचं दार बंद ठेवून चालणार नाही. सांगायला नको, तरी सांगते, कारण हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. कुत्रा मोकळा, ट्रे दाराच्या पलीकडे, आणि दोष कुत्र्याला.

सहा महिन्यांपुढचा नर सोफ्याच्या कोपऱ्यावर पाय वर करून दोन थेंब टाकतो, ती हद्द आखणं झालं. क्रेटने ते सुटत नाही. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि फरशी नुसत्या फिनाईलने पुसू नका. आपल्याला वास गेला असं वाटतं, कुत्र्याला जात नाही. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा.

आता चावणं. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. हिरड्यांची शिवशिव थांबते, घर शांत होतं, आणि घरचे कडी सोडतात. नेमकं त्याच सुमाराला कुत्र्याचं वयात येणं सुरू होतं. सातव्या-आठव्या महिन्यापासून पुढे तो पुन्हा चावायला लागतो, आणि आता जबडा पक्का असतो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल यांचं हे दीड-दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतं. म्हणून आठ महिन्यांच्या लॅबला अख्खा फ्लॅट मोकळा द्यायला मी सरळ नाही म्हणते. त्याच वयाच्या एखाद्या संथ देशी कुत्रीला एक खोली देऊन बघायला माझी हरकत नसते.

कुत्रा आत घाबरत असेल तर आजच कडी सोडा

यात थांबणं नाही, पायऱ्या नाहीत, वयाचा हिशेबही नाही.

चिमी म्हणून एक देशी कुत्री होती. रस्त्यावरून आणलेली, साधारण वर्षाची. घरच्यांनी सांगितलं की ती क्रेटमध्ये थोडी रडते, मग गप्प बसते. मी क्रेटजवळ बसून बघितलं. दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या दोन तारा बाहेरच्या बाजूला वाकलेल्या होत्या आणि त्यांच्यावरचा काळा रंग निघून लोखंड चकाकत होतं. चिमीचे वरचे सुळे मागच्या बाजूने घासलेले होते. पुढच्या पायाचं एक नख मुळाशी तुटून खपली धरलेलं. तिच्या छातीवरचे केस चिकट होऊन गुठळ्या झाल्या होत्या, ती लाळ होती. 'थोडी रडते' म्हणत होते ते हे. त्या दिवसापासून घरी क्रेट वापरायचा नाही असं ठरलं.

अशा कुत्र्याला "सवय होईल" म्हणून आत ठेवणं म्हणजे त्याची भीती रोज घट्ट करणं. खुणा ओळखायला शिका. छाती किंवा पुढचे पाय लाळेने ओले, नखं तुटलेली, दात घासलेले, तारा वाकलेल्या, एरवी कधी चूक न करणारा कुत्रा क्रेटमध्ये मात्र शू करतो, किंवा अर्धा-अर्धा तास अखंड विव्हळतो. यातलं एक जरी दिसलं, तर कडी लावायची थांबवा.

मग प्रश्न उरतो की त्याला भीती कशाची आहे, कोंडण्याची की एकटेपणाची. हे तपासता येतं. कुत्र्याला एका सुरक्षित खोलीत मोकळा ठेवा, मोबाईल रेकॉर्डिंगवर लावा आणि दहा मिनिटं जिन्यात जाऊन थांबा. परत येऊन बघा. तो खोलीभर फिरून, हुंगून आडवा झाला असेल, तर त्रास कोंडण्याचा होता आणि तुम्ही अर्धी लढाई जिंकली. तो मुख्य दाराशी उभा राहून तसाच विव्हळत असेल, दार खरवडत असेल, तर त्याला एकटं राहताच येत नाहीये. तो उपचाराचा विषय आहे. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, वर्तनाचं काम करणारा माणूस शोधा, आणि तोवर त्याला एकटं न ठेवण्याची जमेल ती व्यवस्था लावा. शेजारच्या काकू, घरून काम करणारी मैत्रीण, जे शक्य असेल ते. चिमीचं दुसऱ्या प्रकारचं होतं. तिला बरेच महिने लागले, पण क्रेट कधीच लागला नाही.

गप्प आहे म्हणजे सुखात आहे, असं धरू नका

क्रेटमध्ये भुंकत नाही एवढ्यावरून लोक निश्चिंत होतात. गप्प कुत्रे दोन प्रकारचे असतात आणि व्हिडिओत ते स्पष्ट वेगळे दिसतात. एक कुशीवर पसरून झोपतो, मध्येच बाजू बदलतो, तुम्ही आलात की आळस देत उठतो. दुसरा सगळा वेळ दाराकडे तोंड करून पोटावर बसलेला, कान ताठ, पंखा चालू असूनही धापा टाकतो. तुम्ही आत ठेवून गेलेलं खाणं त्याने शिवलेलं नसतं. तुम्ही आल्यावर मात्र तेच खाणं तो दोन मिनिटांत संपवतो आणि भांडंभर पाणी पितो. खाणं तसंच राहणं ही मला सगळ्यांत भरवशाची खूण वाटते. चिकनचा तुकडा नाकासमोर असताना न खाणारा कुत्रा शांत नसतो. या दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्याला क्रेटमध्ये जास्त वेळ ठेवून फायदा नाही. त्याच्यासाठी कडी सोडायचा विचार लवकर करा आणि एकटं राहण्याचा सराव अगदी सावकाश, मिनिटामिनिटाने वाढवा.

कुत्र्याआधी घर तयार करा

कडी सोडल्यावर काही बिघडलं तर ते बहुतेक वेळा घराच्या तयारीत कमी पडल्यामुळे. गुडघ्यावर बसून हॉलमध्ये एक फेरी मारा, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवरून. टीव्हीमागच्या वायरी, चार्जर, मोजे, मुलांचे खोडरबर, शिवणाच्या डब्यातली सुई-दोरा, डासांच्या मशीनची रिफिल, खाली ठेवलेलं उंदराचं औषध. हे सगळं वर किंवा बंद कपाटात जायला हवं.

स्वयंपाकघराचा कचऱ्याचा डबा हा आपल्या घरातला सर्वांत मोठा धोका. मे महिन्यात त्यात आंब्याच्या कोयी असतात, पावसाळ्यात मक्याची कणसं. दोन्ही कुत्रे आवडीने गिळतात आणि दोन्ही आतड्यात अडकतात, मग पोट उघडावं लागतं. दाणे खाऊन टाकलेलं कणीस निरुपद्रवी दिसतं, पण ते पोटात विरघळत नाही. कुत्रा सारखा उलट्या करतोय, जेवत नाहीये, आणि डब्यातली कोय गायब आहे, तर सकाळची वाट बघू नका. ओट्यावरच्या वाटीतले बेदाणे, द्राक्षं मूत्रपिंडाला घातक असतात. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतात. चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं शुगर-फ्री च्युइंगगम, आजोबांच्या उशाशी असलेल्या ब्रुफेन-पॅरासिटामॉलच्या गोळ्या, सगळं त्याच यादीत. झाकण घट्ट बसणारा डबा आणा आणि तो सिंकखालच्या कपाटात ठेवा, कपाटाला लहान मुलांसाठी मिळतं तसं कुलूप लावा.

दाराचा विचार वेगळा करा. आपल्याकडे दुपारी घरात किल्ली घेऊन येणारी माणसं असतात, कामाच्या मावशी, पोळ्यावाल्या ताई. क्रेटमधला कुत्रा त्यांना अडथळा नव्हता. मोकळा कुत्रा त्यांच्या पायातून लिफ्टकडे पळतो. म्हणून मुख्य दाराच्या आत, पॅसेजमध्ये एक बेबी गेट लावा, आणि मावशींशी आधी बोला. त्यांना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्यांच्या वेळेला कुत्रा गेटमागे राहील असं बघा. रोज भीत भीत घरात येणाऱ्या माणसाचा ताण कुत्र्यालाही कळतो. बाल्कनीच्या ग्रिलमधलं अंतर मोजा. सरकत्या खिडकीखाली सोफा असेल तर खिडकीला अडसर लावा.

सोडायचा क्रम

बहुतेक लोक सुरुवातच शेवटच्या पायरीने करतात, ऑफिसला जाताना कडी उघडी ठेवून बघतात. क्रम उलटा हवा.

पहिल्यांदा तुम्ही घरी, जागे, आणि क्रेटचं दार सतत उघडं. कुत्रा कुठे जातो, काय तोंडात धरतो, कंटाळला की काय करतो ते नुसतं बघा. चुकीची वस्तू उचलली तर ओरडू नका, अदलाबदल करा. त्याच्या हक्काची चावायची वस्तू द्या आणि त्याने उचललेली काढून घ्या. याच काळात त्याला क्रेटबाहेर झोपायची एक जागा द्या. जाड गोधडी पुरते. पंख्याखाली हवी, कारण आपल्या उन्हाळ्यात तो थंड फरशी सोडून गादीवर येणारच नाही.

दुसऱ्यांदा रात्र. क्रेटचं दार उघडं, पण खोलीचं दार किंवा गेट बंद, म्हणजे तो अख्ख्या घरात भटकणार नाही. रात्र ही सोपी परीक्षा आहे. तो थकलेला असतो, तुम्ही जवळ असता, काही कुरतडायला लागला तर ऐकू येतं. दोन-तीन आठवडे रात्री निवांत गेल्या की पुढे जा.

तिसऱ्यांदा एकटेपणा, आणि तोही एका खोलीत. हॉलला गेट लावता आलं तर हॉल, नाहीतर बेडरूम. आधी चांगला फिरवून आणा, नुसतं खाली नेऊन शू करवून नव्हे, हुंगत हुंगत सावकाश. मग भरलेलं काँग (आत खाऊ भरता येतो असं रबरी खेळणं) किंवा खाऊ लावलेला चाटायचा मॅट द्या, मोबाईल लावा, आणि कचरा टाकायला जाऊन येता तेवढ्या वेळात परत या. पाच-दहा मिनिटं. पुढच्या वेळी वीस, मग पुन्हा दहा, मग चाळीस. दर वेळी वाढवतच नेऊ नका. अधूनमधून लहान फेरी ठेवली की कुत्र्याला प्रत्येक जाणं लांबलचक वाटत नाही. एकटं राहायला घाबरणाऱ्यांची गडबड बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते, त्यामुळे तेवढा भाग नीट बघा. कंटाळून केलेले उद्योग उशिरा सुरू होतात, तासा-दीड तासाने, झोप झाल्यावर. रेकॉर्डिंग बघताना मी दोन्ही ठिकाणं वेगळी तपासते.

शेरू नावाच्या लॅब्रेडॉरचं एक रेकॉर्डिंग मी नव्या लोकांना वर्णन करून सांगते. दीड वर्षाचा, पहिल्यांदाच तासभर मोकळा. मालकीणबाई गेल्यावर तो क्रेटमध्ये गेला, बाहेर आला, हॉलला एक चक्कर मारली. चपलांच्या कपाटाशी थांबला. कपाट पूर्ण बंद नव्हतं. नाकाने फट वाढवली आणि बाईंची घरातली रबरी चप्पल अलगद उचलली. बाई माझ्याशेजारी बसून बघत होत्या, "गेली!" म्हणाल्या. शेरूने ती चप्पल गोधडीवर नेली, दोनदा चाटली, तिच्यावर हनुवटी टेकली आणि बाई परत येईपर्यंत झोपला. चपलेवर दाताची एकही खूण नव्हती. याला मी पास म्हणते. त्याने चप्पल घेतली म्हणून पुन्हा कोंडायची गरज नाही, कपाट नीट लावायची गरज आहे. सोफ्यावर झोपणं, खिडकीतून खाली बघून दोनदा भुंकणं, स्वयंपाकघरात हुंगून येणं, हेही नापास होण्यासारखं नाही.

एका खोलीत रोजच्या लागेल तेवढा वेळ, तीन-चार तास, महिनाभर नीट गेला की दुसरी खोली जोडा. मुलांची खोली मी शेवटी उघडते, किंवा उघडतच नाही. तिथल्या फरशीवर काय पडलेलं असेल याचा नेम नसतो.

वेळ निवडताना घरात दुसरं काही नवीन चालू नसावं. नवं घर, नवं बाळ, सोसायटीत रंगकाम, गणपतीची मिरवणूक, दिवाळीचा आठवडा, यांत प्रयोग नको. दिवाळीत उलट क्रेट कामाला येतो. वरून चादर टाकून, आत मऊ अंथरूण घालून, दार उघडं ठेवून तो कोपऱ्यात ठेवा. ज्यांना सवय आहे ते आपणहून आत शिरतात. फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याला आत घालून कडी मात्र लावू नका. तो बाहेर पडायच्या धडपडीत स्वतःला जखमी करतो.

काही फाडलं तर

घरी आलात आणि उशीचा कापूस हॉलभर दिसला, तर कुत्र्याला काही बोलू नका. तो मान खाली घालून, कान पाडून बसला, तरी त्याला 'आपण चुकलो' हे कळलंय असं समजू नका. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खरंच मना केलेला खाऊ खाल्लाय की नाही याच्याशी त्या ओशाळ्या चेहऱ्याचा संबंध लागला नाही, मालक रागावण्याशी लागला. निर्दोष कुत्रेही रागावल्यावर तसेच दिसले. तुम्ही दारातून येता आणि चिडता एवढंच त्याच्या लक्षात राहतं, आणि मग तुमच्या येण्याचीच त्याला धास्ती बसते.

कापूस गोळा करा आणि रेकॉर्डिंग बघा. किती वेळाने सुरू झालं? त्याआधी दाराची बेल वाजली होती का? सकाळचं फिरणं पावसामुळे बुडालं होतं का? मग दोन पायऱ्या मागे या, वेळ कमी करा, जागा कमी करा. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं कारण नाही. आणि सलग तीन-चारदा तेच झालं, तर तो अजून तयार नाही असं सरळ मान्य करून महिनाभर थांबा. यात कुणाची हार नाही, वाढीचं वय आहे.

कोणासाठी कडी राहू द्यावी

काही कुत्र्यांच्या बाबतीत मी स्वतः थांबायला सांगते. मोजे, दगड, कापड असं अखाद्य सवयीने गिळणारा कुत्रा एकटा मोकळा नको. एकमेकांशी भांडणारे दोन कुत्रे घरात असतील, तर दोघं मोकळे एकत्र नकोत. अशांना क्रेटपेक्षा वेगळी खोली किंवा मोठं एक्स-पेन, म्हणजे जाळीचं घडीचं कुंपण, बरं. त्यात फिरता येतं, पाणी ठेवता येतं. पायाचं हाड मोडलं किंवा गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टर बहुधा सहा-आठ आठवडे हालचालीवर बंधन घालतात, आणि तेव्हा क्रेटची जुनी सवय असलेला कुत्रा किती सुखात राहतो ते मी पाहिलंय. म्हणून कडी सुटल्यावरही आठवड्यातून एखादं जेवण क्रेटमध्ये द्यावं, दार पाच मिनिटं लावावं, उघडावं. विमानाच्या कार्गोतून कुत्रा न्यायचा तर क्रेट लागतोच. रेल्वेत कुत्रा एकतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समधून जातो किंवा फर्स्ट एसीचा कूपे अख्खा घ्यावा लागतो, आणि कोंडून राहण्याची अजिबात सवय नसलेल्या कुत्र्याला डॉग बॉक्स फार भारी पडतो.

म्हातारपणी उलट होतं. संधिवात असलेल्या कुत्र्याला क्रेटचा उंबरठा ओलांडणं, आत वळणं दुखतं, आणि रात्री शू लागते. त्याला कडी नको, शक्यतो क्रेटही नको, जमिनीलगतची जाड गादी द्या.

आता शेवटचा आणि मला सगळ्यांत जवळचा मुद्दा. वर्षाच्या पुढचा निरोगी कुत्रा रात्री आठ तास क्रेटमध्ये, वर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा क्रेटमध्ये. चोवीसातले सतरा तास झाले. याला शिकवणं म्हणत नाहीत. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार-पाच तासांपलीकडे बंद ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि क्रेट असा हवा की त्यात तो मान न झुकवता उभा राहील, वळेल, पाय पसरून कुशीवर झोपेल. पूर्ण वाढलेल्या लॅबला 42 इंची लागतो, पिल्लूपणी घेतलेला 30 इंची नाही. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं आणि सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं, हे दोन्ही गुन्ह्यांत मोडतं. स्वीडनमध्ये तर घरात कुत्र्याला बंद क्रेटमध्ये ठेवायलाच मनाई आहे, प्रवास किंवा प्रदर्शन अशा कारणांपुरती सूट मिळते. तिथे राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे निघण्याआधी लक्षात घ्यावं, कारण कुत्रा तिथे पोचेपर्यंत क्रेटशिवाय राहायला शिकलेला असावा लागतो.

दिवसभर घर रिकामं राहतंच, हे मला माहीत आहे. मग दुपारी कोणीतरी येऊन त्याला फिरवेल याची सोय करा, अर्धा दिवस डे-केअर बघा, किंवा एक खोली नीट तयार करून ती त्याला मोकळी द्या. हे काहीच करणं शक्य नसेल, तर वरचा क्रम उद्यापासून सुरू करा. पहिला आठवडा तुम्ही घरी असतानाचा आहे, त्यासाठी रजासुद्धा लागत नाही.

दोन महिने सगळं सुरळीत गेलं आणि कुत्रा आत फिरकतही नसला, तर क्रेट धुऊन, उन्हात वाळवून घडी घालून ठेवा. लगेच विकू नका, निदान वर्षभर. त्यानंतरही लागला नाही, तर रस्त्यावरची पिल्लं घरी आणून सांभाळणारी माणसं तुमच्या आसपास असतातच, त्यांना विचारा. घडीचा क्रेट नेहमी कुणाला ना कुणाला हवा असतो. देण्याआधी दाराच्या तारा आणि खालच्या ट्रेच्या कडा हाताने चाचपून बघा. कुठे टोक बाहेर आलं असेल तर पकडीने आत वळवून द्या.